भिंतीवरच्या तीन गोवऱ्या

होळीला आमच्या गावात घरटी पाच गोवऱ्या द्यायची पद्धत आहे. पूर्वी त्या मागायला कुणी येत नसे, चोरूनच नेत. आता जनावरं कमी झाली, घरोघरी गॅस आला, चोरण्यासारखं फारसं काही उरलं नाही. म्हणून तालमीतली पोरं दुपारीच दारात येतात आणि रीतसर मागतात.

गेल्या होळीला ती आली तेव्हा घरात मी एकटाच होतो. माझी बायको चंद्राबाई आणि सून सुलक्षणा पुरण वाटायला गेल्या होत्या. पुरणाचं यंत्र आमच्या आळीत एकाच घरी आहे, तिथं त्या दिवशी नंबर लागतो. मी उठून परसात गेलो. गोवऱ्यांची रास आम्ही प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवतो. तो कागद वाऱ्यानं फाटला होता आणि दोन दिवसांपूर्वी अवकाळी सडाका येऊन गेला होता. वरच्या गोवऱ्या ओल्या झाल्या होत्या. होळीला ओली गोवरी देणं मला बरं वाटलं नाही. तेवढ्यात मागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी, तीन गोवऱ्या थापलेल्या होत्या. खडखडीत वाळलेल्या. मी त्या खुरप्यानं सोडवल्या, राशीच्या तळातून दोन काढल्या आणि पाच पुऱ्या केल्या.

पोरं म्हणाली, तात्या, गोवरी असावी तर अशी. मी म्हणालो, आमच्या घरात वस्तू जपून ठेवतात.

होळी चांगली पेटली. आमच्या गोवऱ्या आधी धरल्या, असं दोघातिघांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड. सकाळी चंद्राबाई मागच्या भिंतीपुढे उभी होती. भिंतीवर तीन गोल पांढुरके डाग होते. तिनं विचारलं, हितल्या गोवऱ्या कुठं गेल्या? मी सगळं सांगितलं. ओल्या गोवऱ्यांचं सांगितलं, पोरं काय म्हणाली ते सांगितलं, आधी कुणाच्या धरल्या तेही सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. थोड्या वेळानं चहा आला. चहात साखर बरोबर होती. मला तेव्हाच समजायला हवं होतं. बारीकसारीक गोष्टीचा राग असला की ती साखर कमी घालते. गोष्ट मोठी असली की साखर बरोबर असते.

दोन दिवसांनी सुलक्षणा गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन चालली होती. माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "मामा, त्या गोवऱ्यांत बी व्हतं."

आमच्याकडे वेलाचं बी शेणात ठेवतात. काकडी, दुधी, घोसाळं, ज्याचं त्याचं बी धुवून, राखेत घोळवून, ताज्या शेणाच्या गोळ्यात दाबायचं आणि तो गोळा भिंतीवर थापायचा. मग त्याला कीड लागत नाही, उंदीर जात नाही. वेल लावायच्या दिवशी गोवरी फोडायची, बी जागेवर असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत आहे. पण ते बी आमच्या घरात नेमकं कुठल्या भिंतीवर असतं, हे संसाराच्या शेहेचाळीस वर्षांत मी बघितलं नव्हतं. भाताचं आणि नाचणीचं बियाणं मी बघतो. परसातला वेल ही बायकांची बाब.

तीनपैकी एकीत दुधी होता, एकीत घोसाळं होतं. ते बी शेजारणीनं दुसऱ्या दिवशी आणून दिलं, वर कारल्याचंही दिलं. तिसरीत हिर्डोशीची काकडी होती.

हिर्डोशी हे चंद्राबाईचं माहेर. भोरच्या पुढं, वरंधा घाटाच्या वाटेवर. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून परत निघाली तेव्हा तिच्या आईनं पदराच्या गाठीत सात बिया बांधून दिल्या होत्या. हातभर लांब काकडी होते. कोवळी असताना पांढरट हिरवी, पिकली की तांबूस, अंगावर जाळी पडते. पिकलेली माळ्यावर ठेवली तर दिवाळीपर्यंत टिकते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. भाऊ पिंपरीला असतो, हिर्डोशीचं घर बंद आहे. माहेरचं म्हणून चंद्राबाईकडे आता ती काकडीच होती. एक पितळी तांब्या होता, तो गळायला लागला.

वेल आम्ही आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लावतो. त्या दिवशी लावलेलं मरत नाही असं म्हणतात. होळीपासून आखितीपर्यंत दीड पावणेदोन महिने असतात. तेवढ्यात आळी, म्हणजे वेलांचे खड्डे, खणून, पालापाचोळा जाळून, शेणखत घालून ठेवायचं. चंद्राबाई दरवर्षी चार आळी खणते. यंदा तिनं तीन खणली. पेरूच्या झाडापाशी चौथ्या आळ्याची जागा असते, तिथं मांडवाच्या मेढी उभ्याच असतात. ती जागा तिनं तशीच ठेवली. नुसती झाडून घ्यायची. रोज सकाळी अंगण झाडून झालं की ती रिकामी जागाही झाडायची.

माझं चुकलं की मी काहीतरी दुरुस्त करतो, तोंडानं बोलत नाही. आमच्या घरातल्या बऱ्याच वस्तू त्यामुळे धड आहेत. त्या पंधरा दिवसांत मी गोठ्याचं दार नीट केलं, कुदळीला नवा दांडा बसवला, मोरीपुढचा हलणारा दगड पक्का केला आणि राशीवर नवा कागद घातला. चंद्राबाईनं प्रत्येक वस्तू बघितली आणि बरं झालं म्हणाली. मग पुन्हा जाऊन ती जागा झाडली.

बी परत आणणं एवढंच आता राहिलं होतं.

आधी मी होळीच्या जागेवर गेलो. आंब्याला राख पाहिजे असं सांगून सगळी राख उकरली. तीन खिळे मिळाले आणि करवंटीचा तुकडा मिळाला. मग भोरला गेलो आणि बियाण्याच्या दुकानातून काकडीचं पाकीट आणलं. दुकानदाराला मी हिर्डोशीची काकडी आहे का विचारलं. तो म्हणाला, ही सगळीकडे चालते. पाकीट मी चंद्राबाईच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट करून बघितलं, "चित्र चांगलं आहे," म्हणाली आणि देवळीत लाईटच्या बिलाखाली ठेवून दिलं.

मग मी हिर्डोशीला जायचं ठरवलं. घर बंद असलं तरी शेजारीपाजारी कुणाच्या भिंतीवर ते बी असेल. घरात सांगितलं की चष्म्याचं बघायला भोरला जातो. चंद्राबाईनं भाकरी बांधून दिली. दोन वेळची होती. भोरला जाऊन यायला एक वेळची पुरते, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. परसातल्या शेवग्याच्या शेंगाही दिल्या, दोन जुड्या बांधून. कुणी भेटलं तर द्या, म्हणाली. चष्म्याच्या दुकानात शेवग्याच्या शेंगा कुणाला द्यायच्या, हे मी विचारलं नाही.

आमच्या गावापासून मार्गासनीपर्यंत चालत, तिथून एसटीनं नसरापूर, तिथून कापूरहोळ. कापूरहोळला भोरची गाडी दीड तास आली नाही. ऊन फार होतं. रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं, पुढे पाण्याचा निळा ड्रम होता आणि पत्र्याची सावली होती. मी तिथं एका जुन्या टायरवर बसलो. दुकानवाला भला माणूस होता, त्यानं पाणी विचारलं. चहाही पाजला. मग गाडी आली.

हिर्डोशीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सासऱ्यांच्या घराला कुलूप होतं, कुलपावर गंज होता. शेजारच्या अंगणात साळूबाई हिरडा वाळत घालत होती. ती चंद्राबाईच्या बरोबरीची, लहानपणी दोघी एकत्र गुरं राखायच्या. मला बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, या जावईबापू. माझं वय एकाहत्तर आहे. हिर्डोशीत मी अजून जावईच आहे.

मी शेंगांची एक जुडी तिला दिली आणि काकडीच्या बियाची चौकशी केली. साळूबाई म्हणाली, ती काकडी आता गावात कुणी लावत नाही. सहा वर्षं झाली. वानरं फुलसुद्धा ठेवत नाहीत. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"बी तर तुमच्याच घरात हाय की. चंदाकडं."

"संपलं."

"बी संपतं कसं?"

"होळीत गेलं," मी म्हणालो.

साळूबाईनं हिरड्यावरून हात फिरवला. खालचा हिरडा वर आणला, वरचा खाली घातला. ते सगळं अंगण करून झाल्यावर म्हणाली, "होळीत लोक नारळ टाकत्यात."

पाणी पिऊन झालं, चहा झाला, मग तीच म्हणाली की एक बाई आहे. जन्नतबी. तिचा मालक पूर्वी ह्या भागात हिरडा घ्यायला यायचा, टेम्पो घेऊन. तीही बरोबर यायची, बायकांच्यात बसायची. चंदाच्या आईनं तिलाही ते बी दिलं होतं. मालक वारला, पण तिचा वेल चालू आहे, दोन वर्षांमागं एका लग्नात भेटली तेव्हा सांगत होती.

मी विचारलं, राहते कुठं?

"कापूरहोळला. तिच्या लेकाचं पंक्चरचं दुकान हाय. हनीफ नाव त्याचं. दुकानापुढं निळा ड्रम हाय बघा, लगेच घावंल."

मी म्हणालो, घावेल.

परतीची गाडी त्या दिवशी नव्हती. साळूबाईच्या ओटीवर मुक्काम केला. दुसऱ्या वेळची भाकरी तिथं कामाला आली.

सकाळच्या गाडीनं कापूरहोळला उतरलो. हनीफ एका ट्रकचं चाक काढत होता. मला बघून म्हणाला, "बाबा, काल हितंच बसला व्हता न्हवं? कुठं जाऊन आला?" मी म्हणालो, हिर्डोशीला. कशाला, म्हणाला. मी म्हणालो, तुझा पत्ता विचारायला. त्यानं पाना खाली ठेवला, माझ्याकडे थोडं बघितलं आणि मला दुकानामागच्या घरात घेऊन गेला.

जन्नतबी दारात बसून मेथी निवडत होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. हनीफनं मी कोण ते सांगायच्या आधीच तिनं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"चंदाचं मालक ना? या, दाजी. शिमग्यापासून वाट बघतेय."

मी उभाच राहिलो. तिनं हनीफला खुर्ची आणायला लावली. मग मेथी निवडत निवडत सांगितलं. धुळवडीच्या दिवशीच चंद्राबाईचा फोन आला होता, सुनेच्या मोबाईलवरून. बी गेलं म्हणाली. जन्नतबी म्हणाली, माझ्याकडे आहे, काढून ठेवते, हनीफ दुचाकीवरून आणून देईल. चंद्राबाई नको म्हणाली. आमच्या मालकांना येऊ दे.

"पण मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुमी विचारलं व्हतं तिला?"

मी नाही म्हणालो.

"मग," जन्नतबी म्हणाली.

मी सांगितलं की काल मी इथंच बाहेर दीड तास बसलो होतो. तिनं हनीफकडे बघितलं. हनीफ म्हणाला, हो, चहा मीच पाजला. जन्नतबी म्हणाली, चंदा बोललीच होती, येतील पण वळसा घालून येतील. एवढा मोठा घालतील असं काही बोलली नव्हती.

मग ती आत गेली आणि ग्रीसचा एक रिकामा डबा घेऊन आली. तिच्याकडे जनावर नाही, शेण नाही, म्हणून ती बी राखेत ठेवते. राखेतून बोटांनी एकेक बी काढून तिनं फडक्यावर मांडलं. नऊ बिया होत्या. वेल ती दुकानाच्या पत्र्यावर चढवते, त्यामुळे खालीही गारवा राहतो असं हनीफनं सांगितलं. पावसाळ्यात नेहमीचे ट्रकवाले पंक्चर नसतानाही थांबतात आणि काकडी मागतात.

मी बी घेण्यासाठी हात पुढं केला तर जन्नतबीनं फडकं मागं घेतलं.

"फुकट नेलेलं बी उगवत न्हाई, दाजी. शेंगा आणल्यात ना?"

मी शेवग्याची दुसरी जुडी काढून दिली. एका दिवसात सुकली होती. तिनं ती घेतली, मोजून बघितल्यासारखी हातात धरली आणि बाजूला ठेवली. मग फडक्याची गाठ मारून माझ्या हातात दिली.

निघताना दारापर्यंत आली. म्हणाली, "एक सांगते. चंदाला बी पायजे व्हतं तर ती त्याच दिवशी माझ्याकडं आली असती. एसटी तिलाबी कळती. तिला तुमच्या तोंडून एक शब्द ऐकायचा व्हता. तेवढा म्हणला असता तर ही हिर्डोशी वाचली असती."

मी म्हणालो, व्हय.

नसरापूरची गाडी लगेच मिळाली. बसायला जागाही मिळाली. काय म्हणायचं ते मी गाडीत ठरवायला लागलो. वाक्य लहानच होतं. आधी मनात म्हणून बघितलं, ते जमलं. मग हळू तोंडानं म्हणून बघितलं. शेजारचा माणूस म्हणाला, काय चुकलं? मी म्हणालो, काही नाही, गाडी बरोबर आहे. मार्गासनीहून घरापर्यंतच्या वाटेत रान सगळं वाळलेलं होतं, करवंदीला हिरवी करवंदं लागली होती, लोक भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, तोडलेल्या फांद्या पसरत होते. दोघातिघांनी हाका मारल्या. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर वाक्य राहिलं असतं.

घरी आलो तेव्हा चंद्राबाई परसात होती. संध्याकाळचं झाडायचं काम नसतं, तरी ती ती जागा झाडत होती. मी फडकं तिच्या हातात दिलं. तिनं गाठ सोडली, बिया तळहातावर घेऊन मोजल्या.

"चष्मा?" तिनं विचारलं.

"न्हाई झाला."

तिनं बिया परत फडक्यात बांधल्या, गाठ पदरात खोवली आणि केरसुणी उचलली. बोलायची वेळ हीच होती. मी मेढीला हात लावून उभा राहिलो. मेढ जरा हलत होती, ती आधी पक्की करावी असं मनात आलं. चंद्राबाईनं मेढीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

मी मेढ सोडली.

"गोवऱ्या म्या काढल्या. तुला विचारायला पायजे व्हतं. चुकलं माझं."

चंद्राबाईनं केरसुणी मेढीला टेकवून ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "कुदळ आणा."

कुदळ आणली. चौथं आळं मी खणलं, नव्या दांड्यानं. खणताना तिनं मला दोनदा थांबवलं, एकदा खोल फार होतंय म्हणून आणि एकदा पेरूची मुळी तुटेल म्हणून. शेणखत तिनं स्वतः घातलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाली, शेणाला तुम्ही सध्या हात लावू नका. आत चुलीपाशी सुलक्षणा भाकरी थापत होती. तिचं थापणं मधेच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्या रात्री चंद्राबाईनं केलेल्या आमटीत मीठ जरा जास्त होतं. मला बरं वाटलं.

आखितीच्या सकाळी चंद्राबाईनं चारही आळ्यांत बी लावलं. काकडीच्या नऊ बियांपैकी सहाच लावल्या. तीन राखून ठेवल्या, एकाच ठिकाणी सगळं घालू नये म्हणून. मोरीचं पाणी मी त्या आळ्याकडे वळवून दिलं. आठव्या दिवशी पाच उगवल्या. सहावीची तिनं आणखी आठ दिवस वाट बघितली, मग तिथं एक मिरची लावली. दुकानातलं पाकीट अजून बिलाखाली आहे.

वेल चांगला झाला. श्रावणात मांडव भरला, काकड्या खाली लोंबायला लागल्या. चंद्राबाईनं पहिली काकडी कापूरहोळला पाठवली. मीच नेऊन दिली. ह्या वेळी सरळ गेलो. दुसरी तिनं चिरली आणि सगळ्यांना वाटली, माझ्या वाटणीला देठाकडचा तुकडा आला. काकडी कडू असली तर देठाशी असते. नव्हती.

गणपती झाले आणि एक काकडी पिकायला ठेवली होती ती फोडली. चंद्राबाईनं बी धुतलं, राखेत घोळवलं, सुलक्षणानं ताजं शेण आणलं. मी ओटीवर बसलो होतो. चंद्राबाईनं हाक मारली. गेलो तर तिनं शेणाचा गोळा माझ्या हातात ठेवला. आत बी दाबलेलं होतं.

"थापा," म्हणाली.

जुन्या डागांपैकी एकावर मी तो थापला. तिच्या गोवरीवर चार बोटं नीट उमटतात, एकीला एक लागून. माझी वाकडी झाली आणि एका कडेनं जाड राहिली. बोटंही फार मोठी उमटली. सुलक्षणा म्हणाली, मामा, ही काही कुणाला चुकून न्यायला जमणार नाही.

तरी मी आगकाडी घेतली. मी अक्षरं शिकलो तेव्हा माझं वय चोपन्न होतं. शाळेत संध्याकाळी मोठ्यांचा वर्ग भरायचा, तिथं गेलो. चंद्राबाई आली नाही. मला काय लिहून ठेवायचंय, म्हणाली होती. ओल्या शेणावर मी सावकाश लिहिलं. जागा थोडी होती, दोनच शब्द मावले.

चंद्राबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काय लिवलंय?"

"बी आहे."

"मला म्हाईत हाय की ते."

"तुझ्यासाठी न्हाई लिवलं," मी म्हणालो.